खानदेशात सोलरची जागा: उन्हापासून सातबाऱ्यापर्यंत

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा जागेचा हिशोब सरळ होता: ऊन भरपूर हवं आणि जमीन पडीक हवी. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले माळ दोन्हींत बसत होते. २०१३ मध्ये तिथे शिवाजीनगरला महानिर्मितीचा (राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचा) १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला.

पण जितकी उष्णता जास्त तितकी वीज जास्त, हा समज चुकीचा आहे. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजतात. पुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ जवळ पोचतो, तेव्हा पॅनल ६५ ते ७० अंशांवर जातं आणि सुमारे १५ टक्के वीज जाते. म्हणून खोलगट रानापेक्षा वाऱ्यावरचा माळ चांगला.

जमिनीचा पोतही तितकाच महत्त्वाचा. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाचे खांब वर सरकतात, रांग वाकडी होते, काचेवर ताण येऊन तडे जातात. मुरमात खांब घट्ट बसतो. धुळे-नंदुरबारकडे मात्र जमिनीतून काळ्या दगडाचे लांबलचक डाईक, म्हणजे भिंतीसारखे उभे कठीण पट्टे, गेले आहेत. तिथे आधी चार-सहा ठिकाणी भोक पाडून पाहावं, नाहीतर खोदाईचा खर्च अंदाजाबाहेर जातो.

सावली डिसेंबरात मोजावी. आपल्या २१ अक्षांशावर तेव्हा भर दुपारी सावली झाडाच्या उंचीएवढी पडते, सकाळी नऊ आणि दुपारी तीनच्या सुमारास दुप्पट. बांधावरचा दहा मीटरचा निंब वीस मीटरपर्यंत सावली टाकतो, आणि एका पॅनलवर सावली आली की त्याच्याशी साखळीत जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं.

२०१७ मध्ये शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि पहिला प्रश्न बदलला: सबस्टेशन किती लांब? एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेवढी जागा मिळते. पण अंतर वाढलं की तार, खांब आणि गळती वाढते. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतही छोट्या प्रकल्पांसाठी सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आतल्या जागेला पसंती आहे.

सगळ्यात उशिरा ऐरणीवर आला तो जमीन देणाऱ्याचा प्रश्न, आणि तोच आधी विचारायला हवा होता. दोंडाईच्याजवळ विखरण परिसरात औष्णिक प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीवर पुढे सौर प्रकल्प ठरला. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध दाद मागणाऱ्या तिथल्या वयोवृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यांचा जीव गेला. वाहिनी योजनेत खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेतात. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. गायरान असेल तर सातबाऱ्यावर कोणाचा खासगी हक्क दिसला नाही तरी तिथे कोणाची गुरं चरतात, पाणवठ्याची वाट कुठून जाते, हे ग्रामसभेतच विचारावं. साक्री-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात वनहक्काचे दावेही तपासावेत. कुंपण पडल्यावर ही चौकशी करून उपयोग नाही.