पाणकावळे आणि मत्स्यतळी: मिसिसिपीतल्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तळ्यांत मासे वाढवणारे शेतकरी आणि ते मासे खाणारे पाणकावळे यांचा वाद जुना आहे. तिथे मिसिसिपी आणि यॅझू या नद्यांमधल्या सखल पट्ट्याला 'डेल्टा' म्हणतात. मुलूख कापसाचा, माती चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. 1965 च्या सुमारास तिथल्या काही शेतकऱ्यांनी शेतात बांध घालून तळी केली आणि त्यांत कॅटफिश सोडला. हा मासा आपल्या मागूर-शिंगाळ्यांच्या गोत्रातला. धंदा जोरात चालला. बेल्झोनी गाव स्वतःला 'जगाची कॅटफिश राजधानी' म्हणवून घेऊ लागलं, आणि पुढच्या तीन-साडेतीन दशकांत राज्यातली तळी लाखभर एकरांवर पसरली.

तळ्यांचा आकार इथे फार महत्त्वाचा आहे. एकेक तळं चार ते आठ हेक्टरांचं, खोली मात्र जेमतेम चार-पाच फूट. त्यात दाटीवाटीने सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. बुडी मारून मासा पकडणाऱ्या पक्ष्याला याहून सोयीचं पाणी निसर्गात सापडणं कठीण.

त्याच काळात उत्तरेकडे दुसरी गोष्ट घडत होती. दोन तुऱ्यांचा पाणकावळा ग्रेट लेक्स, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरची मोठी सरोवरं, आणि कॅनडाच्या बाजूला वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला उतरतो. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवताना फुटत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेट लेक्सवर त्याची घरटी शेकड्यांतच उरली होती. 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि त्याच वर्षी हा पक्षी स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षण कायद्याखाली आला. 1991 पर्यंत तिथल्या घरट्यांचा आकडा तीस हजारांपलीकडे गेला. पक्षी वाचला, ही खरोखर आनंदाची गोष्ट. पण वाचलेले थवे ज्या वाटेने दक्षिणेला येत, त्याच वाटेवर दरम्यान हजारो उथळ तळी उभी राहिली होती.

पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासा खातो. थवा एकत्र शिकार करतो, त्यामुळे नुकसान एका तळ्यावर एकदम येतं. शेजारच्याचं तळं शाबूत आणि आपलं रिकामं, असंही होतं. 1990 च्या आसपासच्या अभ्यासांनी डेल्टातली हानी एका हिवाळ्याला सुमारे दोन कोटी बोटुकली इतकी धरली. पोटं तपासली तेव्हा निम्म्याच्या आसपास भक्ष्य कॅटफिश निघालं. उरलेलं बहुतेक शॅड, म्हणजे तळ्यांत आणि आसपासच्या पाण्यात आपसूक वाढणारा, बाजारभाव नसलेला मासा. सगळे पक्षी सारखे दोषी नव्हते, हेही पुढे आलं. मोठे बगळे बऱ्याचदा पृष्ठभागावर आलेले आजारी मासे उचलत. उलट पांढऱ्या पेलिकनचं दुखणं वेगळंच निघालं: त्याच्या विष्ठेतून एका चपट्या कृमीची अंडी तळ्यात पडतात, कृमी गोगलगायीत वाढतो आणि तिथून माशात शिरतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या कृमीने तळ्यांत मोठी मर घडवली.

उपाय म्हणून सुरुवातीला नुसता आवाज करणाऱ्या गॅसच्या तोफा, फटाके, हवा भरून उभे राहणारे बुजगावणे आणि बांधावरून दिवसभर फिरणारी गाडी, एवढंच हाताशी होतं. पक्षी चार-आठ दिवसांत सरावतात किंवा शेजारच्या तळ्यावर जातात. मग संध्याकाळी थवे जिथे मुक्कामाला येतात त्या सायप्रस झाडांच्या दलदलीत जाऊन, गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी आवाज करून त्यांना पांगवायची पद्धत आली. ती जास्त कामी आली, पण दर हिवाळ्यात नव्याने करावी लागे. जाळी टाकावी, तर आठ हेक्टरांवर ती पेलणार कशी? शिवाय खाद्याची गाडी, पाण्यात हवा खेळवणारी चक्रं आणि ओढण्याची मोठी जाळी, सगळं त्याच पाण्यावर फिरतं.

त्यामुळे भर बंदुकीवर गेला. 1998 मध्ये 13 राज्यांतल्या मत्स्यशेतकऱ्यांना वेगळ्या परवान्याशिवाय तळ्यावरचे पाणकावळे मारायची मुभा मिळाली. 2003 मध्ये ती वाढवून सरकारी कर्मचाऱ्यांना मुक्कामाच्या जागीही मारण्याची परवानगी दिली गेली. 2016 च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने हे आदेश रद्द केले. पर्यायांचा पुरेसा विचार झालेला नाही, हे कारण. त्यानंतर पुन्हा एकेकट्या परवान्यांची पद्धत आली. माझ्या मते न्यायालयाने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. शेतकऱ्याचं नुकसान खरं होतं, पण तळ्याची रचनाच पक्ष्याला आमंत्रण देते, या मुद्द्याला कोणी हात घालत नव्हतं. दरम्यान धंद्याला मोठा फटका बसला तो व्हिएतनामहून येणाऱ्या स्वस्त माशाने आणि खाद्याच्या वाढत्या भावाने.

महाराष्ट्रात हा इतिहास वाचायचं कारण शेततळी. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठ्यात मोठं तळं 30 बाय 30 मीटर, म्हणजे नऊ गुंठ्यांचं होतं. अशा तळ्यांत रोहू, कटला सोडणारे शेतकरी आहेत आणि पाणकावळा, वंचक, खंड्या तिथेही येतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिलं आहे, त्यामुळे बंदुकीचा प्रश्नच नाही. नऊ गुंठ्यांवर जाळी मात्र सहज बसते. पाणकावळ्याला उडताना पाण्यावर धावत जावं लागतं. म्हणून हात-दोन हात अंतरावर ताणलेल्या दोऱ्यासुद्धा त्याला अडवतात. फक्त ती बारीक, पारदर्शक तंगूसाची जाळी नको. ती पक्ष्याला दिसत नाही, पंख अडकतो, आणि पक्षी तिथेच तडफडून मरतो. जाड, पिळाची, रंगीत दोरी घ्यावी, मधे झोळ न ठेवता ताणून बांधावी आणि रोज सकाळी एक फेरी मारून बघावी.