दोनावरून पन्नास, आणि पुन्हा दोन

विज्ञान-नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यांतल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला ते सांगणारे आकडे, दरवर्षी जाहीर होतात. 2009 चे आकडे आले तेव्हा यादीत अगदी वरती एक अनोळखी पाहुणा बसलेला दिसला: ‘अ‍ॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’चा ए विभाग. स्फटिकशास्त्राच्या सिद्धान्तांना वाहिलेलं, गणिताने भरलेलं हे नियतकालिक. त्या विषयाबाहेर फारसं कुणी ते उघडतही नाही. आदल्या वर्षी त्याचा आकडा होता 2.051. तो एकदम 49.926 झाला. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ ही बडी नियतकालिकंही मागे. स्फटिकशास्त्रात त्या वर्षी क्रांतीबिंती काही झाली नव्हती. हा सगळा प्रताप एका पेपरचा होता, आणि त्यावर लेखक म्हणून नावही एकच होतं.

जॉर्ज शेल्ड्रिक. जन्म 1942, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डचा. केंब्रिजला शिक्षण, 1978 पासून जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक. मूळ पिंड असेंद्रिय रसायनाचा. 1966 ची त्यांची पीएच.डी. असेंद्रिय हायड्राइडांवर होती. नवं संयुग बनवलं की पुढचा प्रश्न ठरलेला: यात कुठला अणू नेमका कुठे बसलाय? त्यासाठी मिठाच्या कणाएवढा स्फटिक क्ष-किरणांसमोर धरतात. किरण विखुरतात आणि हजारो डाग नोंदले जातात. डाग किती ठळक आहे ते मोजता येतं. पण तिथे पोचलेली लाट चढावर होती की उतारावर, ही माहिती वाटेतच हरवते. ती हरवलेली बाजू गणिताने हुडकायची आणि मग अणूंच्या जागा थोड्या थोड्या सरकवत मोजलेल्या डागांशी जुळवत न्यायच्या. हे हाताने करायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही.

शेल्ड्रिक यांनी स्वतःच्या कामासाठी म्हणून या गणिताचे प्रोग्राम लिहिले. पंचकार्डांच्या जमान्यातली ही गोष्ट. 1976 ची आवृत्ती बाहेर पडली आणि ‘शेलएक्स’ हे नाव जगभर झालं. शैक्षणिक संशोधनासाठी ते फुकट होतं. आजही त्याची फाइल उघडलीत तर चार-चार अक्षरी आज्ञांची रांग दिसते, खाली अणूंचे तीन-तीन सहनिर्देशक. एक फेरी चालवली की ‘रेस’ नावाची निकालाची फाइल येते. तिचंच नाव बदलून ‘इन्स’ करायचं आणि पुन्हा चालवायचं. मोजलेलं आणि गणिताने आलेलं यांच्यातली तफावत, म्हणजे आर मूल्य, पाचेक टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत विद्यार्थी हेच करत बसतो. पुण्यातही तेच, गटिंगेनलाही तेच.

2008 मध्ये शेल्ड्रिक यांनी या प्रोग्रामांचा छोटासा इतिहास अकरा पानांत लिहिला. त्याच्या सारांशातच सुचवलं होतं की शेलएक्स वापरलं असेल तर संदर्भ म्हणून हा पेपर देता येईल. लोक इतकी वर्षं वापरतच होते. आता ऋण फेडायला एक सोयीचा पत्ता मिळाला. बघता बघता साडेसहा हजारांवर सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, जमली. त्याच नियतकालिकात त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या पेपरची तेव्हा होती 28.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे साधी सरासरी: आधीच्या दोन वर्षांतल्या पेपरांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या पेपरांची संख्या. समजा शंभर पेपर आहेत. नव्व्याण्णवांना दोन-दोन सायटेशन आणि एकाला पाच हजार. सरासरी येते जवळजवळ 52. गल्लीत एक अब्जाधीश राहायला आला की सगळी गल्ली कागदोपत्री कोट्यधीश होते, तसलाच प्रकार. शेजारच्या पानांवरचे लेख होते तिथेच होते, पण त्यांच्या लेखकांना मुलाखतीत पन्नासचा आकडा छातीवर लावून मिरवायची सोय झाली. एच-इंडेक्सची खोड नेमकी उलटी. 2005 मध्ये होर्हे हिर्श यांनी सुचवलेल्या या मापात निर्देशांक वीस म्हणजे त्या माणसाच्या वीस पेपरांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन. मग तीस सायटेशनांचा पेपर आणि तीस हजारांचा पेपर दोघांचं वजन सारखंच: एक.

मला विचाराल तर रसायनज्ञ म्हणून शेल्ड्रिक यांची खरी करामत पाहायची तर 1978 कडे जावं. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचे रेणूतले धागेदोरे कसे गुंतलेत हे त्यांनी केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांबरोबर, त्याच्या विघटनातून मिळालेल्या एका पदार्थाचा स्फटिक वापरून, बरंचसं उलगडून दाखवलं. त्या पेपरला मान आहे, पण शेलएक्सच्या आकड्यांच्या जवळपासही तो फिरकत नाही. त्यात आश्चर्य नाही. शोध वाचला जातो, हत्यार रोज हातात घेतलं जातं, आणि सायटेशन मोजणारं यंत्र हा फरक करत नाही. ‘नेचर’ने 2014 मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळवलेल्या शंभर पेपरांची यादी छापली, तेव्हा पहिला नंबर लागला होता प्रथिन मोजायच्या एका पद्धतीचा. शेलएक्सही त्या यादीत होतंच.

2010 चा इम्पॅक्ट फॅक्टर तर 54 च्या वर गेला. मग दोन वर्षांची खिडकी पुढे सरकली, 2008 चा पेपर हिशेबाबाहेर पडला, आणि 2011 चा आकडा आला 2.076.

शेल्ड्रिक 2025 च्या फेब्रुवारीत वारले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात माँ सें-इलेर नावाचा डोंगर आहे, दुर्मिळ खनिजांसाठी प्रसिद्ध. तिथे सापडलेल्या एका खनिजाला त्यांचं नाव आहे, शेल्ड्रिकाइट. त्यात सोडियम आहे, कॅल्शियम आहे, कार्बोनेट, फ्लोरिन आणि थोडं पाणी. म्हणजे असेंद्रियच.