‘नवीन औषध’ म्हणजे नेमकं किती नवीन?

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर नवं औषध आल्याची बातमी वाचली की बडोद्यात जुन्या फर्मेंटरच्या, म्हणजे अँटिबायोटिक आंबवून काढायच्या टाक्यांच्या, गोष्टी निघतात. १९०७ साली इथे अलेंबिक या औषध कंपनीची टिंक्चरपासून सुरुवात झाली. साठच्या दशकात पेनिसिलिन आलं, पुढे एरिथ्रोमायसिन. दांडिया बाजाराकडच्या कितीतरी मराठी घरांतलं कुणी ना कुणी गोरव्याच्या कारखान्यात पाळीवर जायचं. १९७२ पासून २००४ अखेरपर्यंत पेटंट औषध बनवण्याच्या कृतीलाच मिळायचं, खुद्द औषधाला नाही. दुसऱ्याचा रेणू आपल्या रीतीने स्वस्तात करण्यात आपण तरबेज झालो. नवा रेणू शोधणं परवडणारंही नव्हतं. नव्वदीनंतर चीनचं स्वस्त पेनिसिलिन आलं आणि फर्मेंटर थंडावत गेले.

खरा गुंता आहे तो ‘नवीन औषध’ या शब्दात. नियमांनुसार दोन जुनी औषधं ठरावीक प्रमाणात पहिल्यांदाच एका गोळीत घातली तर तीही ‘नवीन’, आणि त्याला केंद्राची मंजुरी लागते. कारखान्याचा परवाना मात्र राज्य देतं. कित्येक राज्यांनी केंद्राला न विचारताच मिश्रणांना परवाने देऊन टाकले. मार्च २०१६ मध्ये केंद्राने एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत अँटिबायोटिकचीही होती. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी सांगितली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ पुन्हा बंद झाली. सल्लामसलत न करता बंदी घातली, ही कंपन्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण गरज नसलेलं दुसरं अँटिबायोटिक रोग्याच्या पोटात गेलं की तिथल्या जंतूंना फुकटची तालीम मिळते, हे काय कोर्टाने सांगायला हवं होतं?

म्हणून मिश्रण म्हटलं की सगळंच टाकाऊ, असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सेफेपाइम-एनमेटाझोबॅक्टम हे मिश्रणच. सेफेपाइम जुनं; त्याला तोडणारं जंतूचं एन्झाइम अडवणारा एनमेटाझोबॅक्टम मात्र नवा आणि भारतात शोधलेला. त्याच नोव्हेंबरात दिल्लीत जाहीर झालेलं न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन रोज एकदा, तीनच दिवस घ्यायचं. ते एरिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं. मंजुरीपासून चार वर्षं कायदा त्यालाही ‘नवीन’च म्हणणार.