मकतबातून शिवारात: मुलांच्या दीनी शिक्षणाची पार्श्वभूमी

मुलांना रविवारी सासवड किंवा मुळशीकडच्या शेतावर न्यायचं, रोपं लावू द्यायची, विहिरीच्या पाण्यानं वुजू (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुणं) करून बांधावरच जुहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढायची आणि यातूनच दीन, म्हणजे धर्म, शिकवायचा, अशी कल्पना पुण्यात कोंढवा-कॅम्पातल्या एखाद्या घरात निघाली की दोन शंका हमखास येतात. हे परदेशी खूळ आहे, ही पहिली. यात शिक्षण किती आणि सहल किती, ही दुसरी. पहिली शंका इतिहासापुढे टिकत नाही. दुसरी मात्र रास्त आहे.

कुरआनात गाय, गुरं, मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावांच्या सूरह, म्हणजे अध्याय, आहेत. सूरह वाकिआ तर थेट विचारते की, तुम्ही जे पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही? सूरह कलममध्ये बागवाल्यांची गोष्ट येते. गोरगरीब यायच्या आत भल्या पहाटे फळं उतरवून घेऊ असं ठरवून ते झोपतात, आणि सकाळी पाहतात तर बाग उजाड. ज्यानं झाड लावलं किंवा पेरणी केली, त्यातलं पाखरानं, माणसानं, जनावरानं जे खाल्लं तो त्याचा सदका (दानधर्म), ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

मुलांना शिकवायला मला यापेक्षाही उश्र मोलाचा वाटतो. उश्र म्हणजे पिकावरची जकात, धर्मानं बांधून दिलेलं सक्तीचं दान. ‘कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका, उधळपट्टी करू नका’ असं सूरह अनआम सांगते. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, स्वतः पाणी ओढून पिकवलेल्याचा विसावा. म्हणजे पुरंदरच्या जिरायत बाजरीची दहा पोती झाली तर एक पोतं, आणि विहिरीवर मोट किंवा पंप चालवून वीस पोती काढली तरी एकच. कष्ट आणि खर्च वाढला की हिस्सा निम्मा. इमाम अबू हनीफांच्या मते पीक थोडं असलं तरी उश्र लागू होतो. इतर बहुतेक फुकहा (धर्मशास्त्री) पाच वस्क, म्हणजे ढोबळमानानं साडेसहा क्विंटल, ही किमान मर्यादा मानतात. खळ्यावर पोती समोर असली की पाचवीतल्या पोरालाही हे कळतं. वर्गात फळ्यावर ते नुसतं अपूर्णांकाचं गणित होऊन बसतं.

दख्खनच्या गावगाड्यात दीन आणि शिवार वेगळे नव्हतेच. बलुत्या-अलुत्यांच्या याद्यांत मुलाणा असतो. मशिदीची देखभाल, जनावर हलाल करणं ही त्याची कामं, आणि मोबदला खळ्यावर धान्यात. मशिदी-दर्ग्यांना इनाम जमिनी असत. दीनाच्या कामाचा खर्च पीकपाण्याशी बांधलेला होता.

एकोणिसाव्या शतकात ही गाठ सैल झाली. 1866 साली देवबंदला दारुल उलूम हे मोठं दीनी विद्यालय सुरू झालं ते लोकांच्या चंद्यावर, नेमलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा घेऊन. हाच घाट पुढे देशभर पसरला. त्याचं श्रेय मोठं आहे. राजाश्रय गेल्यावर दीनी शिक्षण टिकलं ते त्यामुळे. पण मकतब, म्हणजे मुलांचा कुरआन-वर्ग, खोलीत गेला तो गेलाच. कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), सिपारा (कुरआनचा भाग), नाजरा (पाहून वाचन), पाठांतर. मूल असर या दुपार उतरल्यावरच्या नमाजेनंतर येतं आणि मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजेला, घरी जातं.

सरकारी शाळेचं तरी वेगळं काय होतं? 1882 मध्ये पुण्याहून जोतीराव फुल्यांनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं अशी मागणी होती. त्याच आयोगानं मुसलमानांच्या शिक्षणाचाही स्वतंत्र विचार केला. दोन्ही प्रश्न एकाच अहवालाच्या पोटात होते, पण एकमेकांना भेटले नाहीत.

भेटायची वेळ आली ती 1937 साली वर्ध्यात. ऑक्टोबरमधल्या परिषदेनंतर गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणयोजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले तेच. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती. त्या उद्योगांत शेतीही होती. धर्मशिक्षण मात्र जाणून वगळलं. आज ज्या रीतीनं धर्म शिकवला जातो त्यानं एकीपेक्षा तंटाच वाढेल, अशी गांधीजींना धास्ती होती. मुस्लिम लीगनं योजनेला विरोध केला, आणि मुलांच्या दीनी तालमीचं काय, हा त्यातला एक आक्षेप होता. शेत शाळेत आलं, पण दीन बाहेर राहिला. माझ्या मते आजची धडपड त्या वेळी सुटून गेलेल्या धाग्याचीच आहे.

दीन आणि निसर्ग जोडण्याची हवा परदेशातून आली ती बरीच नंतर. इराणी विचारवंत सय्यद हुसेन नस्र यांनी 1966 मध्ये शिकागो विद्यापीठात निसर्गाच्या संकटावर व्याख्यानं दिली; 1986 मध्ये इटलीत असिसी इथं पाच धर्मांच्या वतीनं निसर्गाविषयी घोषणापत्रं निघाली, त्यांत इस्लामचंही होतं; 2015 मध्ये इस्तंबूलहून हवामानबदलावरचं इस्लामी घोषणापत्र आलं. इंडोनेशियात तर निवासी मदरसेच शेती करू लागले.

आता दुसरी शंका. ट्रॅक्टरवर फेरी, हुरडा, झोपाळा आणि जेवणाआधी एक दुआ एवढंच होणार असेल तर ती सहलच. सहलीत वावगं काही नाही. मकतबातून आलेल्या मुलाला खेळू द्यावं, नाहीतर त्याचं मन मरतं, असं जुने धर्मपंडित इमाम गझालीही बजावतात. पण शिकवायचंच असेल तर गावाकडे जमीन असलेल्या पुणेकर घरांनी पोरांना पेरणीच्या फोटोला नेण्याऐवजी काढणीला न्यावं, आणि पोतं बाजूला काढून ते कोणाच्या घरी पोचलं तेही दाखवावं.

जमीन नसलेल्यांना तळजाईची टेकडी आहे. दुपारी एक काठी रोवायची आणि सावली मोजायची. माध्यान्हीची सावली वजा केल्यावर ती काठीएवढी झाली की कोकणातल्या शाफई घरच्या मुलाची असर सुरू होते. हनफी मुलाला ती दुप्पट होईपर्यंत थांबावं लागतं; शाफई आणि हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. दोघांचं बरोबर का, हे तिथंच सांगता येतं. 28 मेच्या सुमारास दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य नेमका मक्केच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी पुण्यात सूर्याच्या दिशेला तोंड केलं की किब्ला, म्हणजे नमाजेची दिशा, सापडला, होकायंत्र नको. हाच योग 16 जुलैच्या सुमारास, तीनला दोन-तीन मिनिटं कमी असताना, पुन्हा येतो. पण त्या दिवसांत पुण्यात सूर्य दिसेलच याची हमी कोणी देत नाही.