चेहरा पत्रातून येतो की सर्व्हरवरून? थंडरबर्डमधल्या प्रेषक-चित्रांची पार्श्वभूमी

थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी त्याचा चेहरा दिसावा, ही मागणी जुनीच आहे. 2022-23च्या आवृत्त्यांपासून प्रोग्रॅम स्वतःच ॲड्रेस बुकमधला फोटो मेलच्या वरच्या पट्टीत दाखवू लागला. तरी लोक ॲड-ऑन (प्रोग्रॅमला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम) बसवतातच, कारण ॲड्रेस बुकमध्ये फोटो असतात मोजक्या घरच्यांचे आणि मेल येतात शेकडो जणांकडून. उरलेल्यांचे चेहरे आणायचे कुठून, या एका प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1980च्या दशकात युनिक्सवर काम करणाऱ्यांनी 48 बाय 48 ठिपक्यांचे काळे-पांढरे चेहरे वापरात आणले. असा चेहरा न दाबताही (म्हणजे फाइल लहान न करताही) 288 बाइटांत मावतो. तो दाबून, अक्षरांत बदलून मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत, घातला जाई. या हेडरचं नाव एक्स-फेस. पुढे त्याच मापाच्या रंगीत पीएनजी चित्रांसाठी ‘फेस’ नावाचा हेडर आला. थंडरबर्डसाठी हे दोन्ही हेडर वाचणारं मेसेजफेसेस नावाचं ॲड-ऑन होतं. या पद्धतीची एक गोष्ट पुढे सगळ्यांच्या नजरेआड गेली: चित्र पाठवणारा निवडायचा आणि ते पत्रासोबतच यायचं. ते दाखवण्यासाठी वाचणाऱ्याच्या यंत्राला बाहेर कुणालाही काही विचारावं लागत नसे.

2004मध्ये ग्रॅव्हॅटार ही चेहरे साठवून ठेवणारी सेवा सुरू झाली. फोटो एकदाच चढवायचा, मेल पत्त्याशी जोडायचा, की तो सगळ्या ब्लॉगांवर दिसू लागतो. 2007मध्ये ब्लॉगिंगच्या व्यवसायातल्या एका मोठ्या कंपनीने ती सेवा विकत घेतली आणि हळूहळू ती जवळपास प्रत्येक प्रतिक्रियेखाली पोचली. इतके चेहरे आयते एका जागी मिळत असल्याने मेलची ॲड-ऑन तिकडे वळली, यात नवल नाही. पण चेहरा पत्रातून निघून सर्व्हरवर गेला तो याच वळणावर.

सगळा गोंधळ आहे तो ‘हॅश’ या शब्दाचा. हॅश म्हणजे मजकुरावरून ठरावीक सूत्राने काढलेली चिन्हांची ओळ. ग्रॅव्हॅटारला थेट पत्ता जात नाही. पत्ता लहान अक्षरांत करून एमडी5 या सूत्राने त्याचा हॅश काढतात आणि ती 32 चिन्हांची ओळ सर्व्हरला पाठवतात. हॅशवरून उलटं गणित करून पत्ता काढता येत नाही, एवढ्यावरून पुष्कळांनी पत्ता सुरक्षित राहतो असा अर्थ घेतला. ॲड-ऑनच्या वर्णनांतही ‘पत्ता पाठवला जात नाही’ असं लिहिलेलं असे. ते खरं होतं, पण अपुरं होतं. मेल पत्ता हा पासवर्डासारखा यादृच्छिक नसतो. नाव, आडनाव, मधे टिंब, शेवटी जन्मसाल आणि पुढे चार-पाच प्रसिद्ध सेवांपैकी एक, एवढ्यात बहुतेक पत्ते बसतात. उलटं गणित करायची गरजच पडत नाही. संभाव्य पत्ते तयार करायचे, प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि जुळतो का ते पाहायचं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. 2009मध्ये एकाने प्रोग्रॅमरांच्या एका मोठ्या प्रश्नोत्तर-साइटवरच्या सुमारे 80 हजार सदस्यांच्या हॅशवर हा प्रयोग केला आणि दहा टक्क्यांहून अधिक पत्ते ओळखले. 2013मध्ये फ्रान्समधल्या एका राजकीय चर्चेच्या साइटबाबत हेच प्रमाण 45 टक्क्यांपर्यंत गेलं. तिथे लोक टोपणनावाने लिहीत होते, हे लक्षात घेतलं पाहिजे. 2020मध्ये ग्रॅव्हॅटारवरून मोठ्या प्रमाणात माहिती उपसण्याची पद्धत उघड झाली. पुढे 16 कोटी 70 लाख प्रोफाइलांची नावं आणि हॅश फिरू लागले आणि त्यांतले 11 कोटी 40 लाख हॅश फोडले गेले. ही चोरी नव्हे, प्रोफाइल मुळातच सार्वजनिक होती, अशी बाजू मांडली गेली. ती अगदीच चुकीची नाही, पण ज्याने फक्त फोटो चढवला होता त्याने पत्ता सार्वजनिक केला नव्हता. नंतर सेवेने एसएचए-256 हा लांब हॅश स्वीकारला. अंदाज करून जुळवण्याच्या या युक्तीला त्याने फारसा अडथळा येत नाही, कारण कमजोरी सूत्रात नव्हती, पत्त्यांच्या ठरावीक घडणीत होती.

मेल प्रोग्रॅमच्या बाबतीत तर मुद्दा आणखी वेगळा आहे आणि माझ्या मते तोच जास्त गंभीर आहे. ब्लॉगवर हॅश जगाला दिसतो. मेलमध्ये तो फक्त सर्व्हरला दिसतो, पण त्याच्यासोबत वाचणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक) आणि वेळही पोचते. म्हणजे कोण कुणाचं पत्र कधी उघडतंय याची नोंद तिसऱ्याच्या हाती लागू शकते. थंडरबर्ड मेलमधली बाहेरची चित्रं मुद्दाम अडवून ठेवतो, ते याच कारणासाठी. ॲड-ऑन तीच भिंत मागच्या दाराने ओलांडतं. चित्र एकदा आणून काही दिवस साठवून ठेवलं तर गळती कमी होते, थांबत नाही.

लिब्राव्हॅटार हा मुक्त पर्याय केंद्रीकरण टाळण्यासाठी आला. त्यात पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, नोंद असेल तर चित्र थेट त्या डोमेनच्या सर्व्हरवरून येतं. कल्पना चांगली आहे, पण मग विचारणाही त्या डोमेनकडेच जाते. जाहिरात पाठवणाऱ्याने प्रत्येकाला वेगळ्या पत्त्यावरून मेल धाडला, तर कोणी तो उघडला हे त्याला नेमकं कळेल. कंपनीच्या साइटचं छोटं चिन्ह ओढून आणणाऱ्या ॲड-ऑनलाही हे काही प्रमाणात लागू आहे.

दरम्यान थंडरबर्डची ॲड-ऑन व्यवस्थाच बदलली. जुनी ॲड-ऑन प्रोग्रॅमच्या आतड्यांपर्यंत हात घालू शकत. 2020च्या जुलैमधल्या 78व्या आवृत्तीत ती बंद झाली आणि फक्त नव्या पद्धतीची मेलएक्स्टेन्शन उरली. एकट्या माणसाने हौसेने सांभाळलेली कितीतरी ॲड-ऑन तिथेच थांबली. नव्या पद्धतीत यादीत किंवा मेलच्या पट्टीत चित्र घुसवायला सरळ वाट नव्हती. त्यासाठी ‘एक्सपेरिमेंट’ ही प्रोग्रॅमच्या आत पोचणारी आडवाट वापरावी लागे आणि तसं ॲड-ऑन बसवताना संपूर्ण संगणकावर ताबा देण्याची परवानगी मागितली जाई. एका फोटोसाठी एवढी परवानगी द्यायची का, असं वापरणाऱ्यांना वाटणं रास्तच होतं.

मोठ्या वेबमेल सेवांनी दुसरीकडून सुरुवात केली. बिमी या पद्धतीत कंपनी आपलं बोधचिन्ह डीएनएसमध्ये जाहीर करते. ते दाखवण्याआधी मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे डीमार्क या मेल-पडताळणीच्या पद्धतीने तपासलं जातं. जीमेलमध्ये 2021पासून ते सर्वांसाठी सुरू झालं. ग्रॅव्हॅटारवर चालणाऱ्या ॲड-ऑनमध्ये अशी तपासणी आपोआप होत नाही. ‘प्रेषक’ ओळीत पत्ता खोटा घातला, तरी चेहरा खऱ्याचाच उमटतो. पण बिमी संस्थांसाठी आहे. तुमच्या मावशीचा फोटो त्यातून येणार नाही.

चित्र सापडलं नाही तर रंगीत वर्तुळात आद्याक्षर दाखवायची रीत सगळीकडे पसरली. नावातला पहिला युनिकोड घटक (संगणकाच्या लेखी एक चिन्ह) उचलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘श्रीधर’चा ‘श’ उरतो आणि ‘क्षितिज’चा ‘क’. पूर्ण जोडाक्षर मात्रेसह घेण्याची सोय आता जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ही ॲड-ऑन ज्या भाषेत लिहितात तिच्यात, आहे. ॲड-ऑन लिहिणाऱ्याने ती वापरली पाहिजे, कारण हे वर्तुळ प्रोग्रॅम स्वतःच काढतो आणि त्यासाठी बाहेर कुणालाही काही विचारावं लागत नाही.