रुतलेली ट्रॉली आणि रुतलेली बोट

निपाणी-चिकोडीकडं ऊसतोडीच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला की काळ्या रानातला एक तमाशा ठरलेला. भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर फडातच रुततो. नवखा ड्रायव्हर जोर लावतो, चाकं जागच्या जागी फिरून आणखी खाली जातात. मग बांधावरून कुणीतरी जाणता ओरडतो, "हिसका देऊ नका ओ, आधी हलवा तिला!" थोडा ऊस उतरतो, चाकाखाली पाचट पडतं, दुसरा ट्रॅक्टर साखळीनं जोडला जातो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं फौजेच्या गोष्टी आपल्याकडं घरोघरी. समुद्र मात्र घाटाखाली. म्हणून सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी बोट वाळूत अडकते तेव्हा काय करतात, हे सहसा कानावर येत नाही. करतात ते बरंचसं फडातल्यासारखंच. चिखल बोटीच्या बुडाला चिकटून बसतो आणि मध्ये पाणी शिरू देत नाही. बोट डावी-उजवीकडं डोलवली, पंख्याच्या झोतानं खालचा गाळ उडवला, की पाण्याला वाट मिळते आणि पकड सुटते.

फरक वजनात आहे. ट्रॉलीचं वजन दुपारभर तेवढंच राहतं, बोटीचं जमिनीवरचं ओझं ओहोटीत मिनिटागणिक वाढतं. दुसऱ्या महायुद्धातली, सैनिक उतरवणारी हिगिन्स बोट घ्या. लांबी ११ मीटर, रुंदी ३ मीटरच्या थोडी वर, रिकामं वजन ८ टनांच्या आसपास. पाणी १ सेंटिमीटर उतरलं की ढोबळमानानं ३०० किलोचा आधार जातो. १० सेंटिमीटर उतरलं की ३ टन वाळूवर. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर (१९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या तिथं) ओहोटीच्या भरात पाणी तासाला मीटरभर तरी उतरतं, म्हणजे हे ३ टन सहा मिनिटांत!

म्हणून सुटकेची तयारी रुतण्याआधीच करावी लागते. फौज उतरवणारी मोठी जहाजं किनाऱ्याकडं येतानाच मागं खोल पाण्यात नांगर टाकतात आणि परतताना त्याचाच दोर गुंडाळत स्वतःला मागं खेचतात. (आपल्या शेतातल्या अवजाराचं आणि याचं नाव एकच, आणि दोघांचं काम जमिनीत फाळ रुतवायचं.) याच दोरामुळं जहाजाची शेपटी लाटेकडं राहते. ती वळून बोट लाटांना आडवी झाली, की प्रत्येक लाट तिला आणखी वर ढकलते.

बुडालेल्या गाड्यांसाठी आणि अशा अडकलेल्या बोटींसाठीही ब्रिटिशांनी शर्मन रणगाड्याचा बुरूज काढून वर नावेसारखा उंच पोलादी सांगाडा चढवला. सुमारे ९ फूट पाण्यातही हे धूड चालायचं. पुढं लाकडी ठोकळा, बोटीला पाण्यात रेटायला. बुडालेल्या गाड्यांना साखळी अडकवण्यासाठी चमूत पाणबुड्याही असे. मला तरी हा कारखान्यावरचा ट्रॅक्टरच वाटतो, फक्त पाण्यात चालायला शिकवलेला.

आणि वेळ हुकली तर? मग तिथी बघायची. १९ ते २२ जून १९४४ च्या वादळानं नॉर्मंडीत शेकडो बोटी वाळूवर फेकल्या. नेमकी ती अमावास्येची भरती, म्हणजे उधाण. पाणी होतं तेवढ्या उंचीवर त्या जाऊन बसल्या. अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती तिथवर पोचेना. बहुतेक बोटी जुलैत, पौर्णिमेच्या उधाणात पुन्हा तरंगल्या.

आपल्या नौदलाला १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या कॉक्सबाजारजवळ वेगळाच धडा मिळाला. 'घडियाल' जहाज टेकलं ते किनाऱ्यावर नाही, त्याच्या अलीकडच्या वाळूच्या दांड्यावर. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोल पाणी होतं. त्यात उतरलेल्यांपैकी दोन गुरखा जवान बुडाले. पुढं सैनिक किनाऱ्यावर पोचले ते स्थानिक होड्यांतून. कमी पाण्यात चालणाऱ्या त्या होड्यांना दांड्याची अडचणच नव्हती.