ग्राहकसमुदाय

ग्राहकसमुदाय : एकच वस्तू किंवा सेवा वापरणाऱ्या आणि तिच्या निमित्ताने एकमेकांशी सतत बोलत राहणाऱ्या लोकांचा गट. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची ओळख जुनीच आहे. कोणाच्या घरी कुठला तांदूळ जातो हे गावच्या वाण्याला पाठ असते. ग्राहकसमुदायात मात्र गिऱ्हाइके एकमेकांना ओळखतात. वस्तू कशी वापरावी, बिघडली तर काय करावे, ती घ्यावी की नाही, हे ती परस्परांना विचारतात. इंटरनेटमुळे हे बोलणे गाव आणि देश ओलांडून होऊ लागले आणि लिहिलेले टिकूनही राहू लागले. ब्लॉग लिहून, प्रश्नांना उत्तरे देऊन किंवा सूचना मागवून कंपनी या बोलण्यात सामील होते, ती बहुधा उशिरा. तिथे ती पाहुणी असते, आणि पाहुण्याच्या रीतीने वागली तरच टिकते.

इंटरनेटच्या आधीचे ठळक उदाहरण अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीचे आहे. 1981 मध्ये 13 अधिकाऱ्यांनी ही डबघाईला आलेली कंपनी तिच्या मालक-उद्योगाकडून विकत घेतली आणि 1983 मध्ये हार्ले गाड्यांच्या मालकांची संघटना काढली. विक्रेत्यांच्या दुकानांभोवती तिच्या स्थानिक शाखा उभ्या राहिल्या, सहली निघू लागल्या. गाडी विकल्यावर संपणारा व्यवहार तिथून पुढे सुरू होऊ लागला.

डेल संगणक कंपनीचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. जून 2005 मध्ये पत्रकार जेफ जार्विस यांनी आपल्या ब्लॉगवर डेलच्या लॅपटॉपबद्दल तक्रार लिहिली. घरी येऊन दुरुस्ती करण्याच्या सेवेचे पैसे त्यांनी आगाऊ भरले होते, तरी लॅपटॉप पाठवूनच द्यावा लागेल असे त्यांना सांगण्यात आले. एका माणसाची ही कुरकुर होती. पण तिच्याखाली ‘माझेही असेच झाले’ म्हणणाऱ्यांची रांग लागली आणि प्रकरण वर्तमानपत्रांत पोहोचले. ब्लॉग वाचायचे, पण उत्तर द्यायचे नाही, असे कंपनीचे तेव्हाचे धोरण होते. हे मौनच लोकांना सर्वांत जास्त झोंबले.

जुलै 2006 मध्ये डेलने स्वतःचा ब्लॉग सुरू केला. त्याच सुमारास जपानमधील ओसाका येथे एका परिषदेत डेलचा लॅपटॉप पेटल्याची छायाचित्रे जगभर फिरत होती. विषय टाळणे सोपे होते. कंपनीने तो टाळला नाही. आपल्या ब्लॉगवर त्या घटनेचा उल्लेख करून तपास सुरू असल्याचे लिहिले. ऑगस्टमध्ये सोनीने बनवलेल्या सुमारे 41 लाख बॅटऱ्या डेलने परत मागवल्या. फेब्रुवारी 2007 मध्ये ‘आयडियास्टॉर्म’ हे सूचनापीठ उघडले, तिथे कोणीही सूचना मांडावी आणि इतरांनी तिला मत द्यावे अशी सोय होती. ‘लिनक्स’ ही मोफत, खुली संगणकप्रणाली घातलेले संगणक विका, ही मागणी लगेच वर आली. त्याच वर्षी मे महिन्यात डेलने लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटू प्रणालीचे घरगुती संगणक विक्रीस आणले. मागणी आणि माल यांच्यात जेमतेम तीन महिने गेले, आणि लोकांचा विश्वास परतायला या वेगाचा मोठा हातभार लागला असे म्हणता येते. आधी टीका करणाऱ्या जार्विस यांनीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेल ऐकायला शिकल्याचे लिहिले.

या विषयात सर्वाधिक शिकण्यासारखी कथा मात्र डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीची आहे. ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने 1932 मध्ये हा उद्योग सुरू केला आणि एकमेकांत घट्ट बसणाऱ्या आजच्या ठोकळ्याचे पेटंट 1958 चे आहे. खेळणी मुलांची, त्यामुळे कंपनीचे लक्षही मुलांकडेच होते. पण हजारो मोठी माणसे हे ठोकळे जमवत, त्यांतून किल्ले, रेल्वे, शहरे उभारत. त्यांची गाठ पडली ती इंटरनेटवर: आधी युजनेटच्या चर्चागटांत, मग 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘लुगनेट’ या चाहत्यांच्या संकेतस्थळावर. 2000 मध्ये डॅन येझेक या तरुणाने ‘ब्रिकलिंक’ हा सुट्या ठोकळ्यांचा बाजार उभा केला. यात कंपनीचा एक पैसाही नव्हता. बाहेरून आलेल्या कल्पना आम्ही स्वीकारत नाही, हेच तेव्हा तिचे अधिकृत उत्तर असे.

पहिला धक्का ‘माइंडस्टॉर्म्स’ने दिला. 1998 मध्ये आलेल्या या यंत्रमानव-संचातील संगणकीय ठोकळ्याचे अंतरंग स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने काही आठवड्यांतच उलगडून जाहीर केले. पाठोपाठ इतरांनी त्यासाठी स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषा लिहिल्या. कोर्टात जायचे का, यावर कंपनीत खल झाला. अखेर खटला भरला नाहीच, उलट वापराच्या करारातच अशी मोडतोड करण्याचा हक्क ग्राहकाला देऊन टाकला. ज्याला चोरी म्हणता आले असते त्याला खेळ म्हणण्याचा हा निर्णय फार मोठ्या मनाचा होता, आणि शहाणपणाचाही.

2003 आणि 2004 ही दोन वर्षे कंपनीला प्रचंड तोट्याची गेली. याच काळात करड्या रंगाची छटा बदलली गेली. बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. पण वर्षानुवर्षे करडे ठोकळे साठवून किल्ला बांधणाऱ्याची अर्धी भिंत एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची झाली. चाहते संतापले. जुनी छटा परत आली नाही, मात्र पुढे मूलभूत रंग कायम ठेवण्याची ग्वाही कंपनीने दिली. असा बदल करण्याआधी या लोकांना विचारायला हवे, हा धडा तिला तिथे मिळाला.

2004 मध्ये योर्गेन विग क्नुडस्टोर्प मुख्य कार्यकारी झाले आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनजवळ भरलेल्या चाहत्यांच्या मेळाव्याला स्वतः गेले. माइंडस्टॉर्म्सची नवी आवृत्ती घडवण्यासाठी कंपनीने आपल्या चार जाणकार ग्राहकांना गुप्तपणे बोलावले. मोबदला म्हणून त्यांना मिळाले ते ठोकळ्यांचे संच. बिलुंडला येण्याचे विमानभाडेही त्यांनी पदरचे भरले. 2006 मध्ये हा संच बाजारात आला. त्यांना पैसे का दिले नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. ते आनंदाने आले हे खरे, पण कोणाच्या आनंदावर कंपनीने किती काळ विसंबावे याला मर्यादा असावी.

या प्रश्नाचे बरेचसे प्रामाणिक उत्तर पुढे सापडले. 2008 मध्ये जपानमध्ये ‘कूसू’ हा प्रयोग सुरू झाला. ग्राहकाने स्वतःची रचना मांडायची, लोकांनी पाठिंबा द्यायचा. खोल समुद्रात उतरणारी ‘शिंकाई 6500’ ही पाणबुडी आणि ‘हायाबुसा’ हे अवकाशयान हे त्यातून आलेले पहिले संच. 2011 मध्ये प्रयोग जगभर खुला झाला आणि 2014 मध्ये त्याला ‘लेगो आयडियाज’ हे नाव मिळाले. 10,000 जणांचा पाठिंबा मिळालेली रचना कंपनीच्या छाननीत जाते; निवड झाली तर रचनाकाराला निव्वळ विक्रीचा 1 टक्का मिळतो आणि संचाच्या पुस्तिकेत त्याची ओळख छापली जाते. ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळावरील रचनेने हा आकडा दोनच दिवसांत गाठला. 2014 मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ एलेन कोयमान यांच्या कल्पनेतून तीन स्त्री-वैज्ञानिकांचा संच आला आणि हातोहात संपला. छाननीत बऱ्याच रचना बाद होतात, लोक हिरमुसतात. तरी नियम आधीच ठाऊक असल्याने खेळ सोडून जात नाहीत. 2019 मध्ये लेगोने ब्रिकलिंकच विकत घेतले. तेव्हा त्याचे सदस्य 10 लाखांवर होते आणि आपला बाजार आपला राहील का, ही त्यांची काळजी अनाठायी नव्हती.

ग्राहकांनी ग्राहकांना मदत करणे हा समुदायाचा रोजचा, कमी बोलबाला असलेला उपयोग. ब्रिटनमधील ‘गिफगॅफ’ ही मोबाइल सेवा 2009 मध्ये कॉल सेंटरशिवायच सुरू झाली. सदस्यांच्या प्रश्नांना सदस्यच उत्तरे देतात, त्याचे गुण साठतात आणि वर्षातून दोनदा त्यांचे पैसे घेता येतात किंवा दान करता येतात. अशा ठिकाणी लिहिणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ असतात. एकदा नीट लिहिलेले उत्तर त्याच अडचणीत सापडलेल्या शेकडो जणांना पुरते. मुंबईतून चालणाऱ्या ‘टीम-बीएचपी’वर गाडीमालक आपल्या मोटारीचे अनुभव वर्षानुवर्षे लिहितात, गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी तिथे डोकावतो.

या विश्वासाचा गैरफायदाही घेतला गेला आहे. 2006 मध्ये अमेरिकेत एक जोडपे फिरत्या गाडीतून देशभर हिंडत वॉलमार्टच्या दुकानांविषयी ब्लॉग लिहीत होते. प्रवासाचा खर्च कंपनीच्या पाठीराख्या संघटनेचा असल्याचे उघड झाले आणि वॉलमार्टसाठी काम करणाऱ्या एडलमन या जनसंपर्क संस्थेला माफी मागावी लागली. भारतात जाहिरातींचे स्वनियमन करणाऱ्या, मुंबईस्थित ‘ॲस्की’ने 2021 मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांना (इन्फ्लुएन्सर) पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट लिहिणे आवश्यक केले. 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणले. पैसे घेऊन केलेली स्तुती शेजाऱ्याच्या सल्ल्यासारखी वाटू लागली, की खऱ्या शेजाऱ्याचा सल्लाही कोणी मानत नाही.

समुदायाला कंपनी लागतेच असे नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा आणि येझदी मोटारसायकली निघत; 1996 मध्ये तो बंद पडला. सुटे भाग मिळेनात. मग पुणे, मुंबई, बंगळुरू अशा ठिकाणच्या मालकांनी जुन्या बाजारातून भाग शोधले, जाणते मेकॅनिक एकमेकांना सांगितले, दुरुस्तीच्या युक्त्या इंटरनेटवर लिहून ठेवल्या आणि गाड्या चालत्या ठेवल्या. कुठल्याही जाहिरातीविना हे नाव 22 वर्षे जिवंत राहिले. 2018 मध्ये महिंद्रा समूहातील ‘क्लासिक लेजंड्स’ने जावा पुन्हा बाजारात आणली. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी मालक आपापल्या शहरांत गाड्या घेऊन जमतात, आणि आता त्या जुन्या गाड्यांच्या शेजारी नव्या गाड्याही उभ्या असतात.